स्टॉप साइनला थांबायचं म्हणजे नक्की कुठे, किती आणि मग पुढे काय

पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवून मी कॅलिफोर्नियात आले आणि पहिल्याच बिहाइंड द व्हील टेस्टला, म्हणजे प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेला, नापास झाले. कारण काय, तर स्टॉप साइन, म्हणजे चौकातली 'थांबा' सांगणारी पाटी. मला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं की मी थांबले होते, म्हणजे ब्रेकवर पाय होता, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, रस्ता रिकामा, मग ब्रेक सोडला आणि निघाले. शेजारी बसलेल्या एक्झामिनर बाई काहीच बोलल्या नाहीत, कागदावर कायतरी खरडलं फक्त. परत आल्यावर कळलं की गाडी थांबलीच नव्हती, ताशी दोन-तीन मैलांनी सरकत होती. आणि स्टॉप साइनला न थांबणं ही इथे गंभीर चूक धरतात, बाकीची टेस्ट सोन्यासारखी दिली तरी तेवढ्या एका चुकीवर नापास.

त्यानंतर मी स्वतः पास झाले, मग धाकट्या जावेला शिकवलं, ऑफिसातल्या दोन मुलींना शिकवलं, सहा महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांना (ते नाशिकला ३० वर्षं गाडी चालवतायत, त्यांना 'शिकवलं' म्हटलेलं आवडत नाही) सोबत बसून दाखवलं. सगळ्यांचं घोडं इथेच अडतं. लोक पॅरलल पार्किंगला घाबरून रात्ररात्र व्हिडिओ बघतात, ते तर कॅलिफोर्नियाच्या टेस्टमध्ये नेहमी विचारत पण नाहीत, कर्बच्या (फुटपाथच्या उंच काठाच्या) कडेने सरळ रिव्हर्स घेता आलं की झालं. स्टॉप साइन मात्र वीस मिनिटांच्या टेस्टमध्ये पाच-सहा वेळा तरी येते. म्हणून फक्त तिच्यावरच लिहितेय. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं हँडबुक एकदा बघा, ढाचा सगळीकडे बराचसा सारखाच आहे.

आधी आपला प्रॉब्लेम काय आहे ते. पुण्यातल्या नळस्टॉप चौकाच्या नावात स्टॉप आहे पण तिथे स्वखुशीने कोण थांबतं? सिग्नल नसलेल्या चौकात आपण गाडीचं नाक थोडं आत घालतो, समोरच्याचा अंदाज घेतो, तो कचरला की आपण पुढे. थांबला तो संपला, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. इथे चौकातला नंबर लागतो तो थांबल्यावर. जो आधी थांबला तो आधी सुटतो, आणि जो थांबलाच नाही त्याचा नंबरच लागत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, पायाला बसायला मात्र महिनाभर लागतो.

पहिली पायरी: पाटी लांबूनच ओळखा

लाल रंगाची आठ कोनांची पाटी, साध्या गल्लीतली ३० इंचाची असते. बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर पण पांढऱ्या रंगात स्टॉप लिहिलेलं असतं, आणि वळणामागे पाटी लपत असेल तर आधी एक पिवळी पाटी लावून सांगतात की पुढे स्टॉप आहे. झाडाच्या फांदीआड किंवा उभ्या ट्रकच्या मागे पाटी दिसत नाही असं होतं, तेव्हा रस्त्यावरची अक्षरं आणि आडवी पांढरी पट्टी कामाला येते, म्हणून नजर नुसती वर नको, रस्त्यावर पण ठेवा.

आता एक छोटी गंमत सांगते, ती पुढे खूप उपयोगाला येणार आहे. अमेरिकेतली पहिली स्टॉपची पाटी १९१५ साली डेट्रॉइटमध्ये लागली. आठ कोनांचा आकार १९२३ मध्ये ठरला, आणि तेव्हा ती लाल नव्हती, पिवळ्यावर काळी अक्षरं असायची, कारण तेव्हाचा लाल रंग उन्हापावसात टिकायचा नाही. लाल झाली ती १९५४ मध्ये. पण आकार मात्र तोच राहिला, आणि आठ कोन दुसऱ्या कुठल्याच पाटीला देत नाहीत. त्यामुळे ही पाटी मागून, कोरी करडी पाठ बघूनसुद्धा ओळखू येते. म्हणजे तुम्ही चौकात उभे असताना आडव्या रस्त्यावरच्या कोपऱ्यांवर आठ कोनी पाठ दिसली तर समजायचं की तिकडून येणाऱ्यालाही थांबायचंय. नाही दिसली, तर तो थांबणार नाहीये. हे का महत्त्वाचं ते पाचव्या पायरीत.

पाटी दिसली की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, मागच्या आरशात एक नजर टाका, कोणी बुडाला चिकटून येत असेल तर ब्रेक जरा आधीपासून आणि हलका दाबा म्हणजे त्याला तुमचे लाल दिवे दिसतील. वळायचं असेल तर इंडिकेटर वळणाच्या किमान १०० फूट आधीपासून चालू पाहिजे. इथे रिकाम्या रस्त्यावर पण इंडिकेटर द्यायचा, 'कोणाला दाखवू' असं विचारायचं नाही, एक्झामिनरला दाखवायचा.

दुसरी पायरी: नक्की कुठे थांबायचं

पाटीच्या खांबाशी थांबायचं असा बऱ्याच जणांचा समज असतो. चूक. रस्त्यावर आडवी जाड पांढरी पट्टी असेल, तिला इथे लिमिट लाइन म्हणतात, तर तिच्या अलीकडे. पट्टी नसेल पण क्रॉसवॉक (पायी रस्ता ओलांडायची जागा) आखलेला असेल तर क्रॉसवॉकच्या अलीकडे. दोन्ही नसेल तर आडवा रस्ता सुरू व्हायच्या आत, कोपऱ्यापाशी. हाच क्रम, कायद्यात पण असाच आहे. 'अलीकडे' म्हणजे गाडीचा पुढचा बंपर अलीकडे, तुमची सीट नाही.

सीटवर बसून बंपर कुठे आहे हे नवख्याला कळत नाही. माझी जाऊ उंचीने लहान, तिला पट्टी लांबूनच बॉनेटखाली गुडुप झालेली दिसायची, म्हणून ती एक अख्खी गाडीभर आधीच थांबायची. सासरे बरोबर उलटे, पट्टी चाकाखाली घेऊनच थांबायचे. उपाय सोपा आहे. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जा, आखलेल्या रेषेशी थांबा, हँडब्रेक लावा आणि खाली उतरून बघा बंपर कुठे आलाय. मग परत बसून बघा की त्या वेळी ती रेषा तुमच्या डाव्या आरशाच्या कुठल्या भागापाशी दिसते. प्रत्येकाचं माप वेगळं असतं. चार-पाच वेळा उतरलं चढलं की डोळ्याला ते माप बसतं, आणि मग ते आयुष्यभर पुरतं, गाडी बदलेपर्यंत तरी.

टेस्टमध्ये पट्टीच्या पुढे गेलात तर वाईटच, पण फार मागे थांबलात तरी मार्क जातो. साधारण दोन-तीन फूट अलीकडे हे बरं.

तिसरी पायरी: पूर्ण थांबणं

हीच मुख्य पायरी, आणि हीच सगळे चुकतात, मी पण.

थांबणं म्हणजे चाकं फिरायची बंद. हळू होणं नाही, जवळजवळ थांबणं नाही. आकडा शून्यावर आला की नाही ते बघायला खाली नजर नेऊ नका, त्यात चौकावरचं लक्ष जातं, त्यापेक्षा पाठीला विचारा. ब्रेक दाबत आणताना गाडीचं नाक किंचित खाली झुकतं आणि तुमचं अंग पुढे जातं. चाकं खरोखर थांबली की नाक परत वर येतं आणि पाठ हलकेच सीटला टेकते. तो जो छोटासा मागचा झोका असतो ना, तो आला की गाडी थांबली. तो आलाच नाही तर तुम्ही सरकताय, मनात काहीही वाटत असलं तरी. मी पहिल्या टेस्टनंतर हे शिकले, एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरने डोळे मिटून शेजारी बसून मला सांगितलं की आत्ता थांबलीस, आत्ता नाही थांबलीस. दहापैकी दहा वेळा बरोबर.

हे न थांबता सरकत जाणं, त्याला रोलिंग स्टॉप म्हणतात, आणि बाकीची अमेरिका त्याला चेष्टेने कॅलिफोर्निया स्टॉप म्हणते. म्हणजे इथले लोक पण करतात. रोज बघाल. तुमच्यापुढची गाडी करेल, मागचा तुम्ही पूर्ण थांबल्याबद्दल वैतागेल. इतकं सर्रास आहे की टेस्लाच्या सेल्फ ड्रायव्हिंगच्या बीटा सॉफ्टवेअरमध्ये पण रोलिंग स्टॉपची सोय होती, काही ठरावीक परिस्थितीत गाडी ताशी ५.६ मैलांपर्यंतच्या वेगाने पाटी ओलांडायची, आणि २०२२ मध्ये जवळजवळ ५४ हजार गाड्यांचा रिकॉल करून ती काढून टाकायला लागली. तेव्हा 'सगळेच करतात' ही सबब इथे संगणकाची पण चालली नाही.

आणि किती वेळ थांबायचं? व्हॉट्सॲपवर सगळे सांगतात तीन सेकंद. कायद्यात सेकंद वगैरे काही लिहिलेलं नाही, पूर्ण थांबा एवढंच आहे. तीन सेकंद ही शिकवणाऱ्यांची युक्ती आहे, कारण तेवढ्या वेळात डावं-उजवं नीट बघून होतं. शिकताना मोजा, काही बिघडत नाही, पण तीन मोजून झाले म्हणून निघायचा हक्क मिळाला असं नाही, वाट मोकळी नसेल तर तीस सेकंद पण थांबावं लागेल.

अजून एक, हे नव्या लोकांना कोणी सांगत नाही. तुमच्यापुढे एक गाडी पाटीपाशी थांबली, तुम्ही तिच्या मागे थांबलात, ती गेली. आता तुमचं थांबून झालं का? नाही. तुम्ही पुढे येऊन पट्टीशी परत पूर्ण थांबायचं. रांगेतल्या प्रत्येकाने स्वतः पट्टीशी थांबायचं असतं, पुढच्याची शेपटी धरून जाता येत नाही. माझ्या ऑफिसातली एक मुलगी यावर नापास झाली आणि तिला अजूनही ते अन्यायाचं वाटतं.

चौथी पायरी: बघणं, आणि आधी डावीकडे

भारतात आपण डावीकडून चालतो, म्हणून सगळ्यात जवळचा धोका उजवीकडून येतो, मान आधी उजवीकडे वळते. इथे गाड्या उजवीकडून चालतात, तुमच्यासमोरच्या पहिल्या लेनमधली गाडी डावीकडून येणार. म्हणून डावं, उजवं, परत डावं. शेवटची नजर डावीकडेच, कारण उजवीकडे बघेपर्यंत तिकडे काहीतरी आलेलं असतं. पहिले काही आठवडे मान सवयीने उलटी वळेल, मी तोंडाने मोठ्याने 'डावं, उजवं, डावं' म्हणायचे, मुलं मागे बसून हसायची. टेस्टमध्ये मान वळलेली एक्झामिनरला दिसली पाहिजे, नुसती बुबुळं फिरवून भागत नाही.

काचेच्या दोन्ही बाजूंचे जे खांब असतात ना, डाव्या खांबाआड अख्खा माणूस लपतो, सायकलवाला तर सहज. जागच्या जागी अंग थोडं पुढेमागे हलवून खांबापलीकडे बघा. विचित्र दिसतं, दिसू दे.

पायी चालणारा असेल तर विषयच संपला, तो आधी. पट्टे आखलेले असोत नसोत, चौकात फुटपाथच्या रेषेत रस्ता ओलांडणाऱ्याला वाट द्यायचीच असते, आखलेल्या क्रॉसवॉकइतकाच न आखलेलाही क्रॉसवॉक कायद्याने क्रॉसवॉकच. कोणी कोपऱ्यावर कुत्र्याला घेऊन उभा असेल आणि फोन बघत असेल, तरी क्षणभर थांबून त्याचा विचार काय आहे ते बघा. तो तुमच्या वाटेतून पूर्ण बाहेर गेला की मगच निघा, त्याच्या पाठीमागून गाडी सरकवणं हा आपला अगदी खास देशी प्रकार आहे, तो इथे नको. न्यू जर्सीत तर क्रॉसवॉकमधल्या माणसासाठी थांबायचं आणि थांबूनच राहायचं असा स्पष्ट कायदा आहे.

आता खरी पंचाईत. पट्टीशी थांबलात पण तिथून काहीच दिसत नाही, कोपऱ्यापर्यंत गाड्या लावलेल्या, नाहीतर कोणाची तरी उंच कुंपणाची झाडी. मग काय करायचं? दोनदा थांबायचं. पहिला थांबा पट्टीशी, पूर्ण, तो कायद्याचा. मग ब्रेकवरचा पाय अगदी थोडा सैल करून गोगलगायीसारखं पुढे सरकायचं, आडव्या रस्त्याच्या लेनमध्ये नाक जाऊ द्यायचं नाही, जिथून दोन्ही बाजू दिसतात तिथे परत थांबायचं, तो तुमच्या जिवाचा. लोक काय करतात, पहिला थांबा गाळून सरळ दुसऱ्या जागी जाऊन थांबतात, 'तिथून दिसतच नव्हतं' म्हणून. टेस्टमध्ये ते न थांबण्यातच मोजलं जातं. बरं, या गाड्यांचा त्रास जरा कमी व्हावा म्हणून एबी ४१३ नावाचा कायदा आलाय, क्रॉसवॉकच्या अलीकडच्या बाजूला २० फुटांत गाडी लावायची नाही, कर्ब लाल रंगवलेला नसला तरी. २०२५ पासून त्याचे दंड पण सुरू झालेत. म्हणजे तुम्ही स्वतः पार्क करताना हे लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: पाळी कोणाची

इथे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर अपघात होतो.

एक म्हणजे ऑल वे स्टॉप, पाटीखाली छोट्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं, जुन्या ठिकाणी फोर वे. सगळ्यांनाच थांबायचंय. दुसरा प्रकार, फक्त तुमच्या गल्लीला पाटी आणि आडवा रस्ता मोकळा सुसाट. तिथे पाटीखाली काहीच नसतं, कधीकधी 'आडवी वाहतूक थांबत नाही' अशा अर्थाची पट्टी असते. पाटीखाली काही नसेल तर समजा की कोणी थांबणार नाहीये. मघाशी सांगितलेली आठ कोनांची पाठ इथे बघायची. माझ्या घराजवळच्या रस्त्यावर सलग चार चौक ऑल वे आहेत आणि पाचवा नाही, आणि तिथे दर महिन्याला कोणीतरी चारच्या सवयीने पुढे येतो आणि मग कचकन ब्रेकचा आवाज येतो, आम्हाला घरात ऐकू येतो.

ऑल वेला नियम असा. जो आधी येऊन थांबला तो आधी. म्हणून चौकाकडे येतानाच बघून ठेवा की आधीपासून कोण कोण उभं आहे, ते सगळे तुमच्या आधी, तुमच्यानंतर आलेले तुमच्या नंतर. पिठाच्या गिरणीत डबे ठेवतात तसं. दोघं एकाच वेळी आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्या. समोरासमोर एकाच वेळी आलात आणि दोघं सरळ जाताय तर दोघांनी एकदमच जा, काही अडत नाही. पण एकाला डावीकडे वळायचंय तर त्याने थांबायचं, सरळ जाणारा आधी. इंडिकेटरचं महत्त्व आता कळलं असेल, समोरच्याला तुमच्या मनातलं कसं कळणार.

चारही बाजूंनी एकदम चार गाड्या आल्या तर? मग प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतंच आणि नियमाप्रमाणे कोणीच हलू शकत नाही. असं क्वचित होतं, तेव्हा कोणीतरी हाताने खूण करतो, तुम्ही जा म्हणून. हात हलवला म्हणून डोळे मिटून निघू नका, त्याने तुम्हाला जा म्हटलंय, बाकी दोघांनी नाही. आणि आपला एक मराठी सज्जनपणा असतो, पाळी आपली असूनसुद्धा 'जाऊ दे त्याला' म्हणून हात दाखवत बसायचं. नका करू. मागची रांग खोळंबते, समोरचा गोंधळतो, मग दोघं एकदम निघतात, दोघं एकदम थांबतात, लग्नाच्या पंगतीत आग्रह चालतो तसं होतं. पाळी आली की जा.

डिपरचं पण ऐका. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला म्हणजे 'मी येतोय, बाजूला हो'. इथे चौकात उभ्या असलेल्याने दिवे चमकवले तर बहुतेक वेळा 'तुम्ही जा' असा अर्थ असतो. बरोबर उलटा. सासऱ्यांनी पहिल्या आठवड्यात एका बाईच्या डिपरला घाबरून एवढा वेळ ब्रेक धरून ठेवला की शेवटी तीच निघून गेली, हसत. हॉर्नला तर हातच लावू नका, इथे तो शिवीसारखा ऐकू येतो.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आडवा रस्ता थांबत नसेल तेव्हा, पाळी वगैरे काही नाही, त्यांचं पहिलं, तुम्हाला फट मिळेपर्यंत थांबायचं. फट किती मोठी पाहिजे? रस्ते आखणारे इंजिनियर इथे साध्या दोन लेनच्या रस्त्यावर डावीकडे वळून मिसळायला साधारण साडेसात सेकंद धरतात, उजवीकडे वळायला किंवा सरळ ओलांडायला साडेसहा. ऐकायला खूप वाटतं, पण ताशी ४५ मैलांनी येणारी गाडी सेकंदाला ६६ फूट कापते, म्हणजे साडेसात सेकंदांत जवळजवळ ५०० फूट, दीडशे मीटर. इतक्या लांबची गाडी नवख्याला 'अजून खूप दूर आहे' वाटते. म्हणून सराव करताना असं करा की निघूच नका. उभे राहा, मागे कोणी नसेल तेव्हा, लांबची एक गाडी धरा आणि ती तुमच्यासमोरून जाईपर्यंत सेकंद मोजा. दहा-बारा गाड्या मोजल्या की साडेसात सेकंदांची गाडी डोळ्याला केवढी दिसते ते कळायला लागतं. संध्याकाळी, नुसते दिवे दिसत असताना, हा अंदाज परत चुकतो, तेव्हा परत मोजा.

निघायचं ठरलं की निघा, मध्येच अडखळू नका. अर्ध्यात थांबलेली गाडी सगळ्यात वाईट.

पाटी नसतानाही स्टॉप साइन

सिग्नलचा लाल दिवा उघडझाप करत असेल तर तो स्टॉप साइनच समजायचा, थांबून मग पाळीने. वीज जाऊन सिग्नल पूर्ण बंद पडलेला असेल तर अख्खा चौक ऑल वे स्टॉप. हे इथल्या लोकांना पण आठवत नाही, त्यामुळे तुम्ही थांबा पण दुसरा थांबेल असं धरून चालू नका.

पिवळ्या स्कूल बसला डाव्या अंगाला एक स्टॉपची पाटी असते, ती हातासारखी बाहेर येते आणि लाल दिवे लुकलुकतात. तेव्हा मागच्यांनी तर थांबायचंच, समोरून येणाऱ्यांनी पण थांबायचं, दिवे बंद होईपर्यंत. समोरून येणाऱ्यांना सूट फक्त तेव्हा, जेव्हा मध्ये डिव्हायडर असतो किंवा दोन्ही बाजूंना दोन किंवा जास्त लेन असतात. तुम्हाला लेन मोजत बसायला जमणार नसेल तर थांबा. शाळेजवळ हातात स्टॉपची पाटी घेऊन उभ्या असणाऱ्या काका-काकू, रस्त्याच्या कामावरचा पाटीवाला, यांचं पण तसंच ऐकायचं.

सायकलवाल्यांनाही कॅलिफोर्नियात स्टॉप साइनला थांबावं लागतं, आयडाहोत १९८२ पासून त्यांना बघून पुढे जायची सूट आहे, इथे नाही. पण बरेच जण थांबत नाहीत. तुम्ही बरोबर आणि तो चूक, याचा त्याच्या हाडांना काही उपयोग नाही, तेव्हा वाट बघा.

कॅनडात क्यूबेकला फिरायला गेलात तर तिथे बहुतेक पाट्यांवर फ्रेंच शब्द असतो, त्याचा उच्चार साधारण 'आरे' असा. मुंबईकरांनो, कॉलनी शोधू नका, थांबा.

पकडलं तर

पोलिसाने पकडलं तर मूळ दंड ३५ डॉलरच आहे, पण त्यावर इतके अधिभार चढतात की हातात पडणारा आकडा २०० डॉलरच्या वर जातो. शिवाय लायसन्सच्या नोंदीत चुकीचा एक पॉइंट, तो तीनेक वर्षं दिसतो आणि इन्शुरन्सवाले तो बघून हप्ता वाढवू शकतात. ट्रॅफिक स्कूल, म्हणजे वाहतुकीच्या नियमांचा वर्ग, केला तर तो पॉइंट इन्शुरन्सवाल्यांपासून झाकता येतो, पण ती सवलत १८ महिन्यांत एकदाच. आणि टेस्टमध्ये छोट्या चुका १५ पर्यंत चालतात, म्हणजे मान कमी वळवली, इंडिकेटर उशिरा दिला वगैरे, पण पाटी न पाळणं त्या १५ मध्ये मोजतच नाहीत, सरळ नापास.

सराव कसा करायचा

घराच्या आसपासच्या गल्ल्यांत एक फेरी ठरवा जिच्यात किमान आठ-दहा स्टॉप साइन येतील, त्यातल्या दोन-तीन ऑल वे नसलेल्या. पहिले दोन दिवस सकाळी सातला, रिकाम्या रस्त्यावर, फक्त थांबायचा सराव, पाठीचा झोका येईपर्यंत. मग दुपारी शाळा सुटायच्या वेळी तीच फेरी, तेव्हा चौकात आया, मुलं, सायकली, कुत्री, सगळं मिळतं आणि पाळी शिकता येते. मग एकदा संध्याकाळी. परमिटवर (शिकाऊ परवान्यावर) असताना शेजारी लायसन्सवाला मोठा माणूस लागतोच, तर त्याला एकच काम द्या, प्रत्येक पाटीला गाडी खरी थांबली की नाही तेवढं सांगायचं, बाकी उपदेश नको. शेजारी नवरा किंवा बायको असेल तर हे आधी ठरवून घ्या. आणि त्या शेजारच्याला पण माझं सांगणं आहे, रस्ता रिकामा दिसला की तोंडातून 'चल चल, कोणी नाहीये' निघतं ना, ते गिळा. माझ्या नवऱ्याने मला सहा आठवडे हेच म्हणून म्हणून शिकवलं होतं, आणि त्या टेस्टच्या दिवशी रस्ता खरंच रिकामा होता.